चाक एक, हवा दोन

डोंबिवलीच्या मासळीबाजारात तोंडाशी जो पहिला ओटा होता, त्याच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. सकाळी जिची टोपली आधी टेकेल, तिचा तो ओटा त्या दिवसापुरता. दोन वर्षं शेवंतीची टोपली आधी टेकत होती. बाजारात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तिचीच सुरमई दिसायची, आणि बामणवाडीतली गिऱ्हाइकं अशी, की पहिल्या ओट्यावर जे दिसलं तेच ताजं, मागे सगळं कालचं.

बाकीच्या बायका ठाण्याहून टेम्पोने यायच्या. टेम्पो भरल्याशिवाय सुटायचा नाही, आणि सुटला तरी मुंब्र्याला ड्रायव्हरच्या चहासाठी थांबायचा. शेवंती मात्र नवऱ्याच्या, रतनच्या, आरएक्स मोटारसायकलवर यायची. मागे लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यात दोन्ही बाजूंना दोन टोपल्या, मधे शेवंती. नव्या नवरीसारखी ताठ, कारण वाकायला जागाच नव्हती.

रतनच्या घरात कोण काय कमावतं याचा हिशेब सोपा होता. बाप दामाजी पूर्वी खाडीत होडी घालायचा. वरच्या कारखान्यांनी पाणी काळं केलं, बोईट माशाला रॉकेलचा वास यायला लागला, तशी गावातली एकेक होडी चिखलावर चढून बसली ती कायमची. पुरुषांच्या हाती जाळी राहिली आणि बायकांच्या हाती टोपल्या. जाळी सुकली, टोपल्या चालल्या. रतन हा त्या सुकलेल्या बाजूचा. त्याच्याकडे जमेला एकच गोष्ट होती, ती गाडी. खाडीत मासे होते त्या दिवसांत घेतलेली. ती होती म्हणून तो होता. नाक्यावरची पोरं त्याला 'शेवंतीचा डायवर' म्हणायची, आणि तो हसायचा. कारण ड्रायव्हर तरी म्हणतात, हे त्याला कळत होतं.

रविवारी मात्र तो रतन असायचा. शेवंतीला बाजारात सोडलं की गाडी वळवून थेट शीळफाटा. तिथून महाप्याकडे जाणारा रस्ता तेव्हा, म्हणजे चौऱ्याण्णव साली, सकाळच्या वेळी मोकळा असे. सरळसोट, दोन्हीकडे गवत, मधे एक वळण नाही. ठाण्याकडची, कल्याणची, पार शहाडची पोरं गाड्या घेऊन जमायची. दोन गाड्या शेजारी, पुढे एकजण रुमाल घेऊन उभा. रुमाल खाली, की सातव्या विजेच्या खांबापर्यंत जो आधी तो जिंकला. बक्षीस काही नाही. आठवडाभर आपलं नाव निघतं, एवढंच. ज्याचं नाव एरवी कुठेच निघत नाही त्याला ते पुष्कळ असतं.

रतनची गाडी सुटायची चांगली, पण चौथ्या खांबापुढे मागे पडायची. चुकत होतं कुठे, ते त्याला तानाजीने सांगितलं.

तानाजीचं फाट्यावर टायरचं दुकान होतं. माणूस साताऱ्याकडचा, हात चांगला, तोंड त्याहून चालू. फाट्यावर धावणाऱ्या सगळ्याच गाड्यांची चाकं तोच करायचा, आणि आदल्या दिवशी दोन्ही पार्ट्यांना सांगायचा, की तूच जिंकशील. त्यामुळे निम्म्या लोकांचा त्याच्यावर फार विश्वास होता.

"इंजिनला हात लावू नकोस," तानाजी म्हणाला. "चाक बघ चाक. ही लोखंडी रिम, त्याच्यावर हा जुना टायर. हे म्हणजे पायात पाटा बांधून पळायचं. कडेचं वजन दुपटीनं महाग पडतं रे. अॅल्युमिनियमची रिम टाक."

"आणि टायर?"

"ते तू सांग. काय करायचंय गाडीचं?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणजे?"

"रोज मासळी आणायची. रविवारी पळवायची."

तानाजीने हातातली पक्कड खाली ठेवली. हे त्याचं आवडतं कीर्तन होतं. "हे बघ. मासळी आणायची तर तीन-अठरा घे, तीन इंच रुंद टायर. जाड, सहा पदरी. दोन टोपल्या, एक बायको, वर तू. तो हूं की चूं करणार नाही. पण रुमाल पडला की उठेल म्हशीसारखा. पळवायची तर अडीच-अठरा. बारका, हलका, काडीसारखा. वाऱ्यासारखी जाईल. पण मुंब्र्याच्या खड्ड्यात टोपल्यांसकट गेलास, तर रिम चौकोनी होऊन बाहेर येईल."

"मग रघु काय करतो?"

रघु वर्तकनगरचा. मेव्हण्याचं गॅरेज, त्यात हा. त्याच्याकडे दोन आरएक्स होत्या. एकीवर तो यायचा आणि दुसरी, पळवायची, टेम्पोतून यायची. फाट्यावर त्याला सहसा कुणी हरवत नसे.

"रघुची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे गाड्याच दोन. तू निदान मागची चाकं दोन कर. रोजचं एक, रविवारचं एक. बदलायला कितीसा वेळ? चाक म्हणजे चप्पल रे. देवळात जायची वेगळी, शेतात जायची वेगळी."

"आम्ही दोन्हीकडं अनवाणीच जातो," रतन म्हणाला.

दुसरं चाक म्हणजे नुसती रिम नव्हे. मधला डबा, ब्रेक, चेनचं चक्र, सगळंच दुसरं. रतनकडे होतं ते घरातलं नायलॉनचं जाळं, सहा महिने दोरीवर लटकलेलं. अजून मासे पकडणाऱ्या उत्तनच्या एका माणसाला त्याने ते विकलं. जाळं जाताना दामाजीने ते चाचपून पाहिलं, आणि म्हणाला, "ने. पान्याबिगर काय येत नाय त्यात." त्या जाळ्यात एक रिम बसली आणि एक टायर. त्यापुढे काही नाही.

तेव्हा निवड करायची वेळ आली आणि रतनने मधलं घेतलं. पावणेतीन-अठरा. मधलं घेणाऱ्याला नेहमी वाटतं, की आपण दोन्हीकडचं वाचवलं. तानाजीने टायर चढवताना मान हलवली.

"धड गाढव नाही, धड घोडा नाही."

"खेचर लय काम करतं म्हणे," रतन म्हणाला. आणि मग त्याने आपली अक्कल सांगितली, जी त्याने चार रात्री जागून काढली होती. चाक एक, पण हवा दोन. मासळी असेल तेव्हा हवा कडक भरायची, टायर दगडासारखा. पळवायच्या आधी हवा अर्धी सोडायची, म्हणजे टायर रस्त्यावर पसरेल, धरेल, सुटताना नुसता गरगरणार नाही. पळून झालं, की पुन्हा भरायची. दुसरं चाक कशाला?

तानाजीने टायर अंगठ्याने दाबून पाहिला. अशी अक्कल त्याने स्वतः दिली असती तर त्याला जास्त आवडली असती. "चालेल," तो म्हणाला. "पण हवा कमी असताना टायर रिमवर सरकतो. आतली रिम फिरते, टायर जागेवर राहतो, आणि ट्यूबचा वॉल, हवा भरायची नळी, मुळातून उपटतो. म्हणून पळवणारे रिमला आरपार चार स्क्रू मारतात. टायरची कड जखडून ठेवतात. थांब, मारून देतो."

"भोकं पाडणार?"

"बारकी चार."

"नको."

"अरे फुकट मारतोय."

"होडीला कोण भोक पाडतं का, तानाजीशेठ?"

"ही होडी आहे का?"

"खारं पाणी हिच्यावर पण रोज पडतं," रतन म्हणाला. खोटं नव्हतं. टोपल्यांतल्या बर्फाचं पाणी, मिठाचं, माशांचं, ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत मागच्या चाकावर ठिबकत यायचं. त्या पाण्याला एकदा वाट सापडली, की ते काय करतं हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. कोळ्याच्या पोराला सांगा, की नव्या वस्तूला तळाशी भोक पाड. तो एक वेळ हात तोडून देईल.

स्क्रू राहिले. आणि तानाजी चुकला असंच वाटलं, कारण पहिल्या रविवारी रतन हवा सोडून पळाला आणि जिंकला. टायर जागचा हलला नाही. कोरडी रिम, कोरडा रबर, धरून बसला. दुसऱ्या रविवारी त्याने शहाडच्या दोघांना पाठोपाठ मागे टाकलं. फाट्यावर त्याचं नाव निघालं. नाक्यावरच्या पोरांनी 'डायवर' म्हणायचं सोडलं. शेवंतीला तो सांगायला गेला तर ती म्हणाली, "बरा झाला. बर्फ आनलास का?"

तिसऱ्या रविवारी रघु त्याच्याजवळ आला. उंच, गोरा, अंगात सदैव धुतलेला शर्ट. बोलणं गोड.

"काय रतनशेठ, ऐकलं भारी चाक केलंस. एक चाक आणि दोन हवा. साला आमचं डोकं नाही चाललं एवढं."

"तुला काय गरज? तुझ्याकडे गाड्या दोन."

"तेच बोलतोय. दोन आहेत, दोन सांभाळायला लागतात. एक घेऊन जा ना."

"फुकट?"

"फुकट कोण देतो? पुढच्या रविवारी पळ माझ्याबरोबर. जिंकलास तर माझी रोजची गाडी तुझी, कागदासकट. हरलास तर तुझी माझी."

भोवतीची पोरं जवळ सरकली. फाट्यावर असं फार क्वचित व्हायचं. रतनने ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं, आणि नाही हा शब्द त्याच्या तोंडात आलाही होता. पण त्याच वेळी डोक्यात दुसरा हिशेब सुरू झाला. दोन गाड्या. एक मासळीची, जाड टायरची, कायमची. एक आपली. शेवंतीला सकाळी सोडायचं, की आपलं आपण मोकळे. कुठल्याशा मालकाने पाहिलं, तर त्याची गाडी पळवायलाही मिळेल. मद्रासकडे खऱ्या शर्यती होतात म्हणतात. चाकाचा प्रश्नच सुटला. ज्याच्याकडे एकच वस्तू आहे त्याला दुसरी मिळवायची असली, तर पणाला लावायलाही तीच एक असते. ही खोट हिशेबात लिहायची राहिली, आणि तो 'चालेल' म्हणून बसला.

"आणि मधेच कुणाची गाडी बंद पडली तर?" रघुने विचारलं. "पुन्हा पळायचं?"

रतनने रघुच्या मागच्या टायरकडे पाहिलं. अडीच-अठरा, पार घासलेला, तळव्यासारखा गुळगुळीत. खडा लागला तर फुटेल असा. तो म्हणाला, "पुन्हा-बिन्हा नाही. सुटला तो सुटला. पंक्चर, चेन, प्लग, सगळं धरून. बंद पडला तो हरला."

"तुझा शब्द."

"माझाच."

रघुने सगळ्यांना ऐकू जाईल असं ते पुन्हा म्हणून घेतलं. गोड बोलणारी माणसं अशा बाबतीत फार नीटनेटकी असतात.

शेवंतीला त्याने सांगितलं नाही. सांगायचा विचार रोज सकाळी मुंब्र्याच्या चढावर यायचा आणि शीळला उतारावर जायचा.

शनिवारी दुपारी त्याने गाडी धुवायला अंगणात काढली, आणि मागच्या रिमवर पांढरा भुरा दिसला. बोट फिरवलं तर खरखरीत, मिठासारखा. नवी रिम, आणि महिना झाला नाही. टायर उतरवला तर आतल्या बाजूला, आऱ्यांच्या भोकांभोवती, तोच भुरा. जणू कुणी आतून कुरतडायला घेतलं होतं.

दामाजी ओट्यावर बसला होता. त्याने चाक मांडीवर घेतलं. बऱ्याच दिवसांनी कुणी त्याच्या मांडीवर कामाची वस्तू दिली होती.

"खारा लागलाय," तो म्हणाला. "तेल पाजलास का नाय?"

"नाय."

"मंग? खाऱ्यात जानारी चीज, तिला तेल पाजाचा नाय? गारी झाली म्हनून काय झाला?"

आणि रतनला आश्चर्य वाटलं ते एवढंच, की हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही. घरात मागच्या पडवीत मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल होतं, होडीला दरवर्षी द्यायचे ते. घट्ट, पिवळं, उघडलं की गल्लीतली मांजरं हजर. होडी चिखलात गेल्यापासून ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. दामाजीने चिंधी बुडवली आणि होडीच्या तळाला देतात तसं, लाकडाच्या रेषेने जातात तसं, रिमच्या आतून गोल गोल हात फिरवला. एक हात सुकू दिला, मग दुसरा. कडेच्या खाचेत बोटाने भरलं. म्हातारा त्या तासाभरात चार वाक्यं जास्त बोलला. कुठल्या साली कुठली होडी किती पाणी प्यायली, कुणी तेलात काटकसर केली आणि त्याचं काय झालं.

टायर चढवायला एरवी साबणाचं पाणी लागायचं, वर दोन पान्यांची झटापट. त्या दिवशी तो सुळकन बसला. रतनने हवा कडक भरली. चाक फिरवून पाहिलं. चकचकीत, आवाज नाही.

"आथां बग," दामाजी म्हणाला. "पानी शिरून दाखव म्हनावं."

रविवारी रघुने वेळ अलीकडे ओढली. गेल्या खेपेला उन्हं वर आल्यावर हवालदार येऊन गेले होते, म्हणून उजाडताच पळायचं ठरलं. म्हणजे शेवंतीला आधी बाजारात सोडणं जमणार नव्हतं. ठाण्याहून निघाल्यावर, कळवा ओलांडताना, रतन मान मागे न वळवता म्हणाला, "फाट्यावर थोडं थांबू. तानाजीकडं हवा बघायचीय."

"आत्ताच भरलीस ना?"

"बघायची."

"आज रविवार हाय रं," शेवंती म्हणाली. "सुरमई हाय, पापलेट हाय. टेम्पो मागंच हाय आपल्या."

"टेम्पो मुंब्र्याला थांबतो."

"थांबतो तवर."

शीळफाट्याला त्याने तिला टोपल्यांसकट तानाजीच्या दुकानासमोर उतरवलं. लोखंडी सांगाडा सोडला. तानाजीने त्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "स्क्रू मारू का अजून?" रतन नाही म्हणाला. त्याने वॉलची पिन दाबून हवा सोडली. फुसकारा संपेपर्यंत तानाजी टायरकडे बघत होता, शेवंती रतनकडे बघत होती.

"हवा बघायची व्हती का सोरायची?" तिने विचारलं.

"आलोच," रतन म्हणाला.

रस्त्यावर तीसेक पोरं जमली होती. रघुची पळवायची गाडी टेम्पोतून उतरली होती; दुसरी, जी पणाला लावली होती, ती बाजूला उभी. धुतलेली, टाकीवर कागदांची पिशवी दोरीने बांधलेली. रतनने तिच्याकडे पाहिलं आणि तिला मनातल्या मनात टोपल्यांचा सांगाडाही लावला. मग तो आपल्या गाडीवर बसला.

रुमाल वर गेला. रतनने इंजिनचा आवाज चढवला, क्लच धरला. रुमाल खाली आला आणि त्याने क्लच सोडला.

पहिला क्षण त्याचाच होता. टायरने रस्ता असा धरला, की गाडी रघुच्या पुढे हातभर उडाली. तो हातभर त्याला पुढे कित्येक वर्षं आठवायचा होता. टायर जागेवर घट्ट होता. इंजिन आत रिम फिरवत होतं, आणि दोघांच्या मधे मुशीचं तेल होतं, दोन हात, कडेला बोटाने भरलेलं. काहीतरी तुटल्यासारखा फट् आवाज झाला. मागून गाडी बसली. सीटखालून कुणीतरी पाट काढून घ्यावा तशी. मागचं चाक डावीकडे, उजवीकडे माशासारखं वळवळलं. दुसऱ्या खांबाच्याही अलीकडे रतनने पाय टेकून गाडी कशीबशी उभी धरली. रघु सातव्या खांबापर्यंत गेला. तसा तो चौथ्यापर्यंत गेला असता तरी चाललं असतं.

 पोरांना ही शर्यत पाहायची नव्हती. त्यांना दुसरी पाहायची होती, ती झालीच नाही.

तानाजी धावत आला. त्याने पान्याने टायरची कड उचलली. पान्याला जोरच लागला नाही. ट्यूब ओढून काढली, तिचा वॉल मुळातून उपटलेला. तानाजीने बोट रिमच्या आत फिरवलं आणि नाकाला लावलं.

"हे काय लावलंस?"

"तेल."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात?" रतन म्हणाला. "खाऱ्यातली वस्तू."

तानाजीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्याजवळ या प्रसंगी म्हणण्यासारख्या सात-आठ म्हणी असणार. एकही त्याने काढली नाही, आणि तेव्हा रतनला कळलं की खरंच संपलं.

रघु परत आला, गाडी बंद करून पायाने ढकलत. "लागलं तर नाही ना?"

"ट्यूब बदलून पुन्हा पळू," रतन म्हणाला. "एकदाच. स्क्रू मारून."

"रतनशेठ."

"हातभर पुढं होतो मी. सगळ्यांनी बघितलंय."

"होतास," रघु म्हणाला. "शपथेवर सांगतो, सुटलास जबरदस्त. पण पंक्चर, चेन, प्लग, सगळं धरून. कुणाचा शब्द?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. शब्द कुणाचा ते सगळ्यांना पाठ होतं.

"गाडी रोजची आहे माझी," रतन म्हणाला. हे बोलताना आवाज उतरला, कारण मागे चपलांचा आवाज आला होता. शेवंती टोपल्या दुकानाशी टाकून चालत आली होती. तिने फाटलेली ट्यूब पाहिली, रघुला पाहिलं, कागदांची पिशवी बांधलेली गाडी पाहिली. तिला कुणी काही समजावून सांगितलं नाही. बाजारात बसणाऱ्या बाईला सौदा तोंडावरून कळतो.

"गारी लावलीस?"

रतनने फाटलेली ट्यूब उचलून तिची घडी घालायला घेतली.

ती रघुकडे वळली. "भाऊ, याला अक्कल नाय. तुमाला हाय. आमचा पोट हाय त्याच्यावर. ठेवा गारी, दर रविवारी मासळी देते घरपोच. वर्सभर."

रघु खरंच अवघडला. "वहिनी, मला गाडी नकोच आहे हो," तो म्हणाला. "इंजिन हवंय. माझ्या पळवायच्या गाडीचं इंजिन आतून गेलंय, चार रविवार कसंतरी ढकलतोय. याचं इंजिन चांगलं म्हणून तर बोललो. तेवढं इंजिन काढलं की बाकीचा सांगाडा घेऊन जा. चाकं पण. चाकं मला नकोत."

त्याच्या परीने तो उदार होता. शेवंतीने ते तोललं. इंजिनाशिवाय गाडी, म्हणजे नुसती वजनाची. तिने मान हलवली, पदर खोचला आणि दुकानाकडे परत निघाली. तेवढ्यात मुंब्र्याकडून टेम्पो आला. आत बायका, टोपल्या, वर ताडपत्री. तिने हात केला. टेम्पो थांबला, कारण ड्रायव्हर चहा प्यायलेला होता आणि त्याला घाई नव्हती. रतनने टोपली उचलायला हात पुढे केला, तर दोन बायकांनी ती आधीच वर ओढून घेतली होती.

रघुच्या टेम्पोत रतनने स्वतः आपली गाडी चढवायला हात लावला. पोरं पांगली. एकजण जाता जाता म्हणाला, "पण सुटला काय होता यार," आणि रतनने मान डोलावली, जणू दुसऱ्याच कुणाविषयी बोलणं चाललं होतं.

शीळपासून डोंबिवलीपर्यंत तो बराचसा चालतच आला. बाजारात पोचला तेव्हा गर्दीची वेळ टळत आली होती. पहिल्या ओट्यावर मंदाकिनी बसली होती, टेम्पोतलीच; त्या दिवशी तिची टोपली आधी टेकली, इतकंच. तिने रतनकडे बघून उगाच पापलेटांवर पाणी मारलं. शेवंती पार आत, गटाराजवळ, जिथे उजेड नीट येत नाही तिथे होती. तिच्यासमोर अर्धी सुरमई तशीच. एक बाई कल्ले उघडून बघत म्हणत होती, "कालची दिसते." शेवंती म्हणाली, "आजची हाय बाय. बसायला उशीर झाला." बाई पुढे गेली.

रतन तिच्या बाजूला उकिडवा बसला. तिने त्याला बर्फ फोडायला सांगितलं नाही, की पाणी आणायलाही सांगितलं नाही. तोच उठला, बादली भरून आणली, ठेवली. आधीच भरलेली एक बादली तिथे होती.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "उद्या कसं जायचं?"

"टेम्पोनं. बोलून ठेवलंय. एकीची जागा हाय त्यांच्यात."

"एकीचीच?"

"एकीचीच."

"मग मी?"

शेवंतीने सुरमईवरची माशी हाकलली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त, समोर उभ्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं, सरळ विचारलं.

"तू कशाला?"

 समोरून एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा तिने रतनला हाताने बाजूला सरकवलं, आणि तो सरकला.